पाठातून कापून टाकलेली शांतता

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
ग्रामीण ऑनलाइन अध्ययन साहित्य प्रकल्प,
मुळशी तालुका केंद्र, पौड, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती आशालता दयानंद रणपिसे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, तसेच आपल्याच केंद्रातून प्रशिक्षित ऑनलाइन अध्ययन साहित्य विकसक (पहिली तुकडी), वय ७०, रा. महाळुंगे, ता. मुळशी.

विषय : इयत्ता तिसरीच्या ‘आपले पाणी’ या ऑनलाइन पाठातून कापून टाकलेली शांतता केंद्राचे जुने संगणक भंगारात जाण्यापूर्वी पाठात परत बसविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ फेब्रुवारी २००८ चा अर्ज व त्यानंतरचे अर्ज. २) ‘शांतता हा पाठ्यघटक नाही’ असे कळविणारे आपल्या कार्यालयाचे पत्र. ३) जुने संगणक निर्लेखित करण्याबाबत केंद्राच्या फलकावर लावलेली सूचना.

महोदय,

१. सन २००७. त्या वर्षीच्या जूनमध्ये पौडला आपल्या केंद्राची पाटी लागली आणि या अर्जातले सर्व काही तिथून सुरू झाले. आपण या पदावर गेल्याच महिन्यात आलात, तेव्हा मागचे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांना अर्जदाराने थोडक्यात लिहून पाहिले. थोडक्यात लिहिलेले कोणालाच कळले नाही. म्हणून या खेपेस सविस्तर लिहिले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

२. अर्जदाराने सदतीस वर्षे याच तालुक्यात मुलांना शिकवले. निवृत्तीनंतर, यजमान गेल्यावर, ती महाळुंग्याला मुलाच्या घरी राहायला आली. घर बरेच वर आहे. खिडकीतून इमारती वाढताना दिसतात, आणि त्यांना लागणारा आवाज दिवसभर ऐकू येतो. अशात एके दिवशी वर्तमानपत्रात आपल्या केंद्राची जाहिरात आली. ऑनलाइन अध्ययन साहित्य विकसक होण्याचे प्रशिक्षण, पात्रता डी.एड. किंवा शिकवण्याचा अनुभव. वयाची अट नव्हती. अर्जदाराने जाहिरात दोनदा वाचली, अट खरोखरच नव्हती.

केंद्रात आवक-जावक सांभाळणारे अण्णासाहेब तेव्हाही होते. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि विचारले, “आजी, नातवाचा का नातीचा?”

“माझाच आहे.”

अण्णासाहेबांनी अर्ज उलटून पाहिला, मग जाहिरात पाहिली. “वयाचं लिवायचं ऱ्हायलंच की आमचं,” ते म्हणाले. “असूं द्या. आता चूक आमची हाय तर शिक्का मारतो.”

अशा रीतीने अर्जदार पहिल्या तुकडीत दाखल झाली.

३. प्रशिक्षण शनिवारी असे. शिकवायला कौस्तुभ देशकर नावाचे तरुण येत. मूळचे यवतमाळचे, नोकरी हिंजवडीच्या एका कंपनीत, आणि शनिवार मोकळा म्हणून आपल्याकडे. मुलगा हुशार आणि मनाचा स्वच्छ. मराठीत बोलताना मध्येच इंग्रजीत शिरत आणि थकले की थेट यवतमाळला पोचत. तुकडीत नांद्याची किमया होती, नुकतीच डी.एड. झालेली. तीच अर्जदाराला घोटावड्याच्या रस्त्याने स्कूटीवर मागे बसवून पौडला आणत असे. अर्जदाराच्या सुनेने या प्रवासाबद्दल लेखी नाही, पण तोंडी हरकत नोंदवली होती.

माउस उजवीकडे सरकवला की पडद्यावरचा बाण उजवीकडे जातो, ही गोष्ट अर्जदाराने निमूटपणे मान्य केली. मात्र टेबलाची कड आली की पुढे काय करायचे ते कळेना, म्हणून ती माउस हातात घेऊन हवेत फिरवी. “अहो बाई, उचलू नका ना तो,” किमया ओरडायची, “डस्टर हाय का तो!” तेही जमले. स्टोरीबोर्ड नावाच्या प्रकाराची सर्वांना धास्ती होती. आधी काय दिसेल, मग काय ऐकू येईल, मुलाने काय करायचे, हे रकाने आखून लिहायचे. अर्जदाराने तो पाहिला आणि तिला हायसे वाटले. ते पाठाचे टाचण होते. अशी टाचणे तिने आयुष्यभर काढली होती, फक्त त्यांना रंगीत पडदा नव्हता.

४. आता मुद्द्याची गोष्ट. ती समजण्यासाठी महोदयांना १९६१ सालात यावे लागेल.

अर्जदार तेव्हा एकवीस वर्षांची. नेमणूक धरणापलीकडच्या एका वाडीवर. होडीने पलीकडे जायचे, मग चढण चढायची. शाळा देवळाच्या पडवीत भरायची. तिथे कुशाबा गुरुजी होते, व्हर्नाक्युलर फायनल झालेले, डोक्याला पटका. पहिल्या दिवशी अर्जदाराने गायीचा पाठ घेतला. तोंडपाठ केला होता, एकदाही अडखळली नाही. गुरुजी खांबाआडून ऐकत होते. तास संपल्यावर म्हणाले, “बाई, लई झ्याक. पन सगळं तुमीच बोललात. पोरान्ला काय ठिवलंत?”

मग त्यांनी स्वतः करून दाखवले. “गाय आपल्याला दूध...” म्हणाले आणि थांबले. पुढच्या पोरांनी एका सुरात आरोळी दिली, “देती!” गुरुजी उभेच. मधल्या ओळीतून एकदोन आवाज आले. गुरुजी तरी उभेच. शेवटी अगदी मागून, म्हशींमागे असल्यामुळे आठवड्यातून दोनतीन दिवसच शाळेत येणाऱ्या एका पोराने अंगठ्याने जमीन उकरत हळूच सांगितले, “देती.” तेव्हा गुरुजी पुढच्या वाक्याकडे वळले. “वाक्य आपुन उचलायचं बाई,” ते म्हणाले, “खाली पोरांनी ठिवायचं. आन् श्येवटचं पोर ठिवंस्तवर आपुन हलायचं न्हाई.”

पुढची सगळी वर्षे अर्जदाराने असेच शिकवले. या तालुक्यातल्या चाळिशीपुढच्या कित्येक माणसांना अर्धे वाक्य ऐकून गप्प बसता येत नाही, त्याला काही अंशी अर्जदार जबाबदार आहे.

५. ‘आपले पाणी’ हा पाठ अर्जदाराला मिळाला. चित्रे किमयाची, तांत्रिक बाजू कौस्तुभसरांची, मजकूर आणि आवाज अर्जदाराचा. आवाज मुद्रित करण्याची खोली म्हणजे केंद्राचे जुने भांडार. भिंतींना गाद्या लावल्या होत्या, आणि आत बसले की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येई. अर्जदाराने नेहमीप्रमाणे पाठ घेतला. “डोंगरावर पाऊस...” आणि थांबली. “पाणी उतारावरून ओढ्यात...” आणि थांबली.

काचेपलीकडे कौस्तुभसर कानांवरचे यंत्र काढून पुन्हा लावत होते. शेवटी आत आले.

“मॅडम, तुमचा आवाज मधात-मधात गायब होऊन राहिला.”

“गायब नाही. तिथे मुले बोलतात.”

“कोणती मुले?” त्यांनी गाद्यांकडे पाहिले.

“जी ऐकतील ती.”

त्यांना ते पटले नाही. मग अर्जदार म्हणाली, “सर, सूर्य रोज पूर्वेला...”

“उगवतो!” कौस्तुभसर म्हणाले. दारातली किमया त्याच क्षणी म्हणाली. आणि बाहेर चहा घेऊन चाललेल्या अण्णासाहेबांचा आवाजही व्हरांड्यातून आला, “उगावतो!” सर एकदम ताठ झाले. “हे काय करून टाकलं तुम्ही?”

“काही नाही. थांबले.”

“पण एवढं लांब कशाला थांबता? मी तर लगेच बोललो ना.”

“तुम्ही पहिल्या बाकावरचे,” अर्जदार म्हणाली. “मागचा अजून विचार करतोय.”

त्यानंतर त्यांनी एकाही जागी हात लावला नाही. किमयाने प्रत्येक थांब्यासाठी एक खेकडा काढला. तो बांधातल्या बिळातून बाहेर यायचा, एक नांगी वर धरून मुलांच्या उत्तराची वाट बघत उभा राहायचा, आणि थांबा संपला की परत आत. आपल्याकडे भातखाचरात असले खेकडे पोरांना ओळखीचे असतात.

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. किती थांबायचे हे अर्जदाराने घड्याळाकडे पाहून ठरवले नव्हते. गाद्यांच्या खोलीत समोर मुले नव्हती, म्हणून तिने जुनी आठवून घेतली. ‘डोंगरावर पाऊस’ या वाक्यानंतर ती गेणबासाठी थांबली. हा १९६६ सालचा. उत्तर यायचे, पण आधी छताकडे बघून यायचे. ओढ्याच्या वाक्याला तिने भीमाची वाट पाहिली. भीमाचे ओठ आधी हलत, आवाज मागून येई. असे प्रत्येक वाक्यापुढे कोणी ना कोणी होते. कापलेल्या जागा रिकाम्या होत्या, असे जे आपल्या कार्यालयाच्या पत्रात आहे, ते वस्तुस्थितीला धरून नाही.

६. डिसेंबर २००७ मध्ये पाठ चाचणीसाठी उरवड्याच्या शाळेत लावला. शाळेला जवळच्या एका कारखान्याने संगणक भेट दिला होता. इंटरनेट असे की, प्रार्थनेच्या वेळी पाठ सुरू केला तर खिचडीच्या सुट्टीपर्यंत उघडे. वर्गशिक्षिका जयाबाई. खिचडी शिजवायला धोंडाबाई, आणि धोंडाबाईंची नात मोनिका तिसरीच्या वर्गात.

ही मोनिका पहिलीपासून शाळेत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला बोट वर करायची. पाटीवर सगळे बरोबर लिहायची, पण विचारले की खाली बघायची. मुकी म्हणावे तर घरी उलट तक्रार होती. “घरी तोंडाचा पट्टा चालूच अस्तुया,” धोंडाबाई सांगायच्या, “साळंच्या पायरीव पाय ठिवला की कुलूप! हिला काय करावं?”

पाठ सुरू झाला. “नदीचे पाणी धरणात...” वर्गाने छप्पर उडेल असा ओरडा केला, “साठते!” खेकडा नांगी वर करून उभाच. मुले त्याला हसली. हसून झाले. खेकडा तरी उभाच. एकाने “आता काय पायजेल याला?” म्हणून विचारले. आणि मग खिडकीकडून, कोणाकडेही न बघता, मोनिका म्हणाली, “साठतं.”

खेकडा आत गेला.

धोंडाबाई हातात उलथने घेऊन दारात उभ्या होत्या. “आगं बया! ही माझी मोनी बोलली का वो, बाई?”

“मावशी, हळू,” जयाबाई म्हणाल्या.

“हळू काय हळू! तीन वर्सं झाली! पुन्यांदा लावा त्यो खेकडा!”

अर्जदार मागच्या भिंतीशी उभी होती. तिला त्या वेळी प्यायला पाणी हवे होते, पण सर्वांचे लक्ष पडद्याकडे असल्यामुळे ते मिळाले नाही. त्या दिवसापासून मोनिका खिचडीच्या सुट्टीत एकटी संगणकापुढे बसू लागली आणि पहिल्या पावसापासून शेवटच्या नळापर्यंत सगळी वाक्ये पुरी करू लागली. जयाबाईंशी ती अजून बोलत नव्हती. पण वर्गात तिचा आवाज ऐकू येत होता.

७. त्यानंतर पाठ गुणवत्ता तपासणीसाठी समितीकडे गेला. समितीचा अभिप्राय अर्जदाराला पाठ आहे : “चित्रे आकर्षक. मजकूर समाधानकारक. निवेदन सदोष. निवेदिका प्रत्येक वाक्य अर्धवट सोडतात. बहुधा वयोमानपरत्वे विस्मरण. रिकामा अवधी काढून टाकल्यास पाठ मंजुरीस पात्र.” त्याप्रमाणे रिकामा अवधी काढण्यात आला. कौस्तुभसरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. “मॅडम, मी नाही केलं. वरूनच केलं. एक कमांड असते, सगळे सायलेन्स एकदम जातात.” वाक्ये का सोडली होती, हे समितीने अर्जदाराला विचारले असते तर तिने सांगितले असते.

नवा पाठ संकेतस्थळावर चढला आणि उरवड्याच्या संगणकावर जुन्याच्या जागी आपोआप येऊन बसला. महोदयांनी तो ऐकला नसल्यास त्याची सुरुवात इथे उतरवून देत आहे :

“डोंगरावर पाऊस पाणी उतारावरून ओढ्यात ओढा नदीला नदीचे पाणी धरणात धरणातले पाणी नळाने आपल्या घरी आई त्या पाण्यात डाळ.”

म्हणजे या पाठात पाऊस पडत नाही, ओढा नदीला मिळत नाही आणि डाळ शिजत नाही. एस.टी. सुटल्यावर खिडकीतून घाईघाईने निरोप देणाऱ्या बाईसारखा अर्जदाराचा आवाज येतो. खेकड्याच्या उभे राहण्याचा वेळही गेल्यामुळे तो अंगात आल्यासारखा आत-बाहेर करतो. पाठाखाली अर्जदाराचे पूर्ण नाव आहे.

मोनिका नेहमीप्रमाणे सुट्टीत बसली. तिने तोंड उघडले तोवर बाई नदीवर पोचल्या होत्या. नदीसाठी उघडले तोवर डाळ आली. काही दिवस तिने प्रयत्न केला, असे जयाबाई सांगतात. मग ती पुन्हा बाहेर पायरीवर बसू लागली. धोंडाबाईंनी अर्जदाराला निरोप धाडला तो असा : “बाईन्ला म्हनावं, तुमच्या मशिनीला कसली घाई लागलीया? पोरगी परत कुलपात गेली.”

८. यावर अर्जदाराने दि. ४ फेब्रुवारी २००८ रोजी पहिला अर्ज केला. उत्तर आले की, शांतता हा पाठ्यघटक नसल्याने ती परत करता येत नाही.

दुसऱ्या अर्जाला उत्तर आले की, काढून टाकलेल्या भागाचा मजकूर तीन प्रतींत सादर करावा. अर्जदाराने तीन कोरे कागद, प्रत्येकावर पृष्ठ क्रमांक व सही करून, सादर केले. कागद कोरे आढळल्याचे कार्यालयाने कळवले. ते कोरेच असल्याला अर्जदाराने दुजोरा दिला.

तिसऱ्या खेपेस आपल्या एका पूर्वाधिकाऱ्यांनी सहानुभूतीने विचार केला आणि रिकाम्या जागी मंद वाद्यसंगीत घालून पाठवले. मुलांनी संगीत लक्षपूर्वक ऐकले. कोणीच बोलले नाही. “बाजा वाजाय लागल्याव पोरं बोलत्याल कशी?” असे धोंडाबाई म्हणाल्या. हे मत अर्जदाराने पुढच्या अर्जात त्यांच्या नावासह कळवले होते. तांत्रिक कारणास्तव नंतर संगीतही काढण्यात आले.

त्यानंतर निवेदिकेस विस्मरण नसल्याचा वैद्यकीय दाखला मागण्यात आला. पिरंगुटचे डॉक्टर हे अर्जदाराचेच १९७४ सालचे विद्यार्थी. त्यांनी तपासणी सुरू करण्यापूर्वीच अर्जदाराने त्यांच्या वर्गाची हजेरी पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली, आणि कोण कोणत्या दिवशी का गैरहजर होते हेही सांगू लागली. डॉक्टरांनी मध्येच थांबवून “स्मरणशक्ती आवश्यकतेपेक्षा अधिक” असा दाखला दिला. तो आपल्या दप्तरी आहे. त्यावर निर्णय झालेला नाही.

९. कागदावर काही होत नाही म्हटल्यावर २००८ च्या जूनपासून, मोनिका चौथीत गेली तेव्हा, अर्जदार दर सोमवारी बसने उरवड्याला जाऊ लागली. संगणकावर सर्वांत लांब जी कळ असते ती दाबली की पाठ थांबतो, पुन्हा दाबली की चालू होतो, एवढे तिला प्रशिक्षणात शिकवलेले होते. ती संगणकाशेजारी बसे आणि जिथे शांतता होती तिथे कळ दाबी. वाक्ये एकमेकांना चिकटलेली असल्याने हे सोपे नव्हते. कधी बोट मागे पडे आणि पाठ “नदीचे पाणी धरणात धर” इथे येऊन थबके. अशाच एका चुकीला मोनिका हसली. मोठ्याने हसली. मग म्हणाली, “साठतं. बाई, तुमी उशिरा दाबलं.”

श्रावण संपेपर्यंत हे चालले. मग आपल्या केंद्राकडून पाहणी झाली. पाहणी करणाऱ्या साहेबांनी विचारले, ह्या बाई कोण? जयाबाईंनी सांगितले की, ह्यांचाच आवाज आहे. साहेब म्हणाले, आवाज आहे तर मग माणूस कशाला? संगणक हाताळणाऱ्या व्यक्तीचे पद कोठेही मंजूर नसल्याने अर्जदाराने कळ दाबू नये, असे लेखी आले. तेव्हा अर्जदाराने ‘मानद कळदाबक’ असे बिनपगारी पद निर्माण करावे, असा विनंतीअर्ज केला होता. तो गमतीने केल्याचा शेरा त्यावर आहे. तसे नव्हते.

१०. मग जयाबाईंनी संगणकावर कापड टाकले आणि स्वतः फळ्यापुढे उभ्या राहून अर्ध्या वाक्यावर थांबून पाहिले. त्यांच्याकडे दोन इयत्ता एकत्र, डोक्यावर पोषण आहाराचे तक्ते, सतत घाई. पहिल्या आठवड्यात त्या अर्जदाराला म्हणाल्या, “बाई, शिकवायला काही वाटत नाही. पण थांबायचं म्हटलं की घाम फुटतो हो. वाटतं, आत्ता कोणी दारात आलं तर म्हणेल, ही बाई नुसती उभी आहे.”

महोदय, अर्जदाराने आजवर ऐकलेले हे सर्वांत खरे वाक्य आहे. सर्व शिक्षक त्याच भीतीने बोलत राहतात. दिवाळीनंतर एका सकाळी जयाबाई थांबल्या असताना मोनिकाने त्यांना उत्तर दिले. यंत्राला नाही, त्यांना. जयाबाई त्या दिवशी पुढे फारसे शिकवू शकल्या नाहीत.

११. मग मुलीचे काम झाले, आता अर्ज कशाला, असे आपले पूर्वाधिकारी म्हणाले होते. अर्जदाराचे म्हणणे असे. केंद्राच्या वार्षिक अहवालानुसार ‘आपले पाणी’ तालुक्यातल्या सर्व शाळांत लावला जातो आणि आता जिल्ह्यात जाणार आहे. उरवड्याला जयाबाई होत्या. बाकी ठिकाणी फक्त अर्जदाराचा आवाज आहे, आणि तो मागच्या मुलासाठी न थांबता निघून जातो. असे तिने कधी केलेले नाही. तिच्या नावावर ते चालू राहू नये.

मूळ मुद्रण नष्ट झालेले नाही. केंद्रातल्या खिडकीजवळच्या जुन्या संगणकात ते अजून आहे. अण्णासाहेबांनी समक्ष उघडून अर्जदाराला ऐकवले. ती केंद्राची मालमत्ता असल्याने प्रत बाहेर देता येत नाही, हे त्यांनी सांगितले आणि ते बरोबरच आहे. परंतु फलकावर सूचना लागली आहे की, ३१ मार्चअखेर जुने संगणक निर्लेखित करून, म्हणजे कागदोपत्री संपवून, भंगारात द्यायचे. त्यासोबत गेणबाची, भीमाची आणि सर्वांचीच शांतता जाईल. अर्जदाराने पुन्हा बोलून दिले असते. पण मागच्या वर्षीच्या आजारपणानंतर तिचा आवाज एकदा थांबला की लगेच परत सुरू होत नाही, आणि मग कुठले थांबणे मुलांसाठी आणि कुठले म्हातारपणाचे हे कोणाला सांगता येणार नाही. समितीला तर मुळीच नाही.

तरी नम्र विनंती की, सदर संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील मूळ पाठ काढून घ्यावा व संकेतस्थळावरील पाठाच्या जागी ठेवावा. यास खर्च नाही. कौस्तुभसरांच्या मते चहा थंड होण्याच्या आत होणारे काम आहे. ते शक्य नसल्यास निदान पाठाखालचे अर्जदाराचे नाव काढावे. पण पहिलेच शक्य करावे.

१२. या प्रकरणातील व्यक्तींची चौकशी करायची झाल्यास त्या सध्या कोठे आहेत ते कळवून ठेवते.

कुशाबा गुरुजी १९७९ साली वारले. त्यांची वाडी अजून आहे, शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. गेणबा डंपर चालवतो. महाळुंग्याच्या रस्त्यावर कधी दिसला तर हॉर्न देतो, तोही जरा उशिराच. भीमाबाई पिरंगुटला सुनेबरोबर पोळी-भाजीचे दुकान चालवतात. कौस्तुभसर २००८ च्या शेवटी सिंगापूरला गेले. तिथे बँकेच्या नोकरांसाठी ऑनलाइन पाठ बनवतात. तिकडेही शांतता कापतात, असे त्यांनी कळवले आहे. किमया आमच्या तुकडीतली खरी विकसक झाली, हिंजवडीच्या कंपनीत आहे. नांद्याला तिच्या वडिलांच्या खाचराच्या जागी इमारत उभी राहिली, त्यातच ते राहतात; कंपनीत तिला आता खेकडे काढायला लावत नाहीत, म्हणून ती कुरकुरते. जयाबाईंची बदली झाली. उरवड्याच्या नव्या बाई चांगल्या आहेत, भराभर शिकवतात. धोंडाबाई अजून तिथेच खिचडी शिजवतात. अण्णासाहेब येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत आणि त्यांनी अर्जदाराला बजावले आहे, “बाई, काय लिवायचं ते मेच्या आत लिवा. नंतरचा कसा निघंल सांगता येत न्हाई.”

मोनिका पिरंगुटला पाचवीत आहे. गेल्या जानेवारीत धोंडाबाई तिला घेऊन अर्जदाराच्या घरी आल्या होत्या. लिफ्टमधून वर येताना तिने शेजारच्या गृहस्थांना, त्यांनी न विचारता, शाळेची सगळी हकीकत सांगितली. अर्जदाराने तिला बसवले आणि सवयीने म्हणाली, “मोनिका, तुला सरबत देऊ की चहा...” आणि थांबली.

“सरबत,” मोनिका म्हणाली. “आन् आजी, तुमी लई येळ थांबताय. मला कवाचं म्हाईत अस्तंय.”

धोंडाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारले. अर्जदाराने सरबत केले.

तेव्हा कळविण्याचे असे की, शांतता परत बसवताना ती मोनिकाच्या आजच्या मताप्रमाणे कमी करू नये. तिला ती आता लांब वाटते, हे योग्यच आहे. बाकीच्यांसाठी पूर्वीइतकीच ठेवावी.

उत्तराची वाट पाहण्याची सवय असलेली,

(सही)
आशालता दयानंद रणपिसे
महाळुंगे, ता. मुळशी, जि. पुणे
दि. ८ मार्च २०१०